एच-इंडेक्स समोर आला, आता काय तपासायचं?

अर्जाच्या पहिल्याच पानावर ‘एच-इंडेक्स १४’ असं ठळक छापलेलं असतं आणि निवड समितीची नजर तिथेच अडकते. एच-इंडेक्स १४ म्हणजे निदान १४ पेपर असे, की त्यांतल्या प्रत्येकाला निदान १४ सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्या लेखांतले संदर्भ-उल्लेख, मिळाले आहेत. हा आकडा कुठून काढला आणि कोणत्या तारखेला, हे आधी विचारा. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच खुले केलेले लेख), परिषदांची टिपणं असं बरंच काही मोजतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या सूची मुख्यतः निवडक जर्नल्स धरतात. त्यामुळे एकाच व्यक्तीचा आकडा तिन्हीकडे वेगळा येतो. सगळ्या उमेदवारांचे आकडे एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी काढा. उमेदवाराने स्वतः लिहिलेला आकडा तक्त्यात उतरवू नका.

त्याआधी नावं निस्तरा. आपल्याकडे हा घोळ मोठा आहे: कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतर आडनाव बदललेलं. ‘पाटील एस.’ शोधलं की अनेक जणांचे पेपर एका खात्यात जमा झालेले दिसतात. उमेदवाराचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख देणारा) मागा आणि यादीतले पेपर त्याच्याशी ताडून पाहा. न जुळणारा पेपर काढून टाकण्यापूर्वी उमेदवाराला विचारा.

आता एच-इंडेक्स हाताने काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा आकडे ५०, १८, ७, ६, ५, ३, १ असे आहेत. पाचव्या पेपरला ५ सायटेशन्स आहेत, सहाव्याला ३ च. म्हणून एच ५. पहिल्या पेपरला ५० ऐवजी ५,००० असती तरी एच ५ च राहतो. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या या मापाची मर्यादा इथेच दिसते. शिवाय ते कधी खाली येत नाही, म्हणजे नुसती वर्षं गेली तरी फुगतं. चार वर्षांपूर्वी पीएचडी झालेल्याची आणि निवृत्तीला आलेल्याची तुलना त्यावर करणं चूकच. स्वतःचीच सायटेशन्स वगळून तोच हिशेब पुन्हा करा. एच एकदम घसरला तर यादी नीट चाळा.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर पेपरला चिकटवू नका. तो असा निघतो: आधीच्या दोन वर्षांतल्या मजकुराला यंदा मिळालेली सायटेशन्स भागिले त्या दोन वर्षांतले शोधलेख आणि आढावा लेख. ही सरासरी आहे, आणि सरासरी एका लेखानेही उडते. ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलमध्ये २००८ साली शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या संगणकप्रणालीवरचा लेख आला, आणि २.०५१ असलेला इम्पॅक्ट फॅक्टर २००९ साठी ४९.९२६ झाला. त्याच काळात तिथे छापलेले बाकीचे लेखक काही रातोरात थोर झाले नव्हते! हाच गैरवापर थांबवा, असं संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ पासून सांगतो आहे.

विषयाविषयांत सायटेशनची सवय वेगळी असते. गणितात ती सावकाश आणि मोजकी, रेणवीय जीवशास्त्रात भराभर. म्हणून पेपरची तुलना त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या पेपरांशीच करा. अशा पेपरांची सरासरी ६ आणि या पेपरला १२, तर गुणोत्तर २. पण दहा-बारा पेपरांच्या यादीवर या गुणोत्तराचीही सरासरी काढू नका, एक लाडका पेपर सगळं ओढून नेतो. ‘वरच्या १० टक्क्यांत किती पेपर?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला, त्याच्या हजाराहून अधिक सायटेशन्सपैकी बहुतेक त्याला खोडून काढणारी आहेत. म्हणून प्रत्येक पेपर मागे घेतला गेला आहे का, हे जर्नलच्या पानावर जाऊन बघा.

विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य जर्नल्सची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. जर्नल बरं की वाईट हे ठरवण्याचं काम आता संस्थेकडेच आहे. संपादक मंडळ खरं आहे का, परीक्षण किती दिवसांत उरकतं, शुल्क कधी सांगतात, एवढं तरी पाहाच.

शेवटी उमेदवाराकडून त्याच्या पसंतीचे पाच पेपर मागवा, त्यातले दोन विषयतज्ज्ञाला वाचायला द्या आणि उमेदवाराचा नेमका वाटा काय होता ते लेखी घ्या. आकड्यांचा तक्ता तज्ज्ञाच्या हातात त्याचा अभिप्राय आल्यानंतरच द्या. आधी दिला तर अभिप्राय बहुधा तक्त्याकडे बघूनच लिहिला जातो.