अपघाताच्या तपासात यंत्राचा आकडा कितपत धरावा?

रस्ते अपघातांच्या न्यायवैद्यक तपासात यायचं म्हटलं की नवी मंडळी आधी ड्रोन आणि लेझर स्कॅनरची चौकशी करतात. ती यंत्रं चालवणं लवकर जमतं. त्यांचा फायदाही मोठा: रस्ता लवकर मोकळा होतो, आणि जागेवर न सुचलेलं माप नंतर स्क्रीनवर घेता येतं. वेळ जातो तो मिळालेला आकडा पारखण्यात.

सीसीटीव्हीचंच बघा. गाडीने दोन खुणांमधलं 20 मीटर अंतर 30 फ्रेममध्ये कापलं. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर वेग ताशी 60 किलोमीटर. कॅमेरा प्रत्यक्षात 15 फ्रेमच साठवत असेल तर तोच वेग 36 वर येतो! त्यामुळे पडद्यावरच्या घड्याळाचा एक सेकंद पालटेपर्यंत किती फ्रेम जातात, ते मी आधी मोजते. कधीकधी दर सेकंदाला संख्या वेगळी निघते.

गाडीतला इव्हेंट डेटा रेकॉर्डर धडकेआधीच्या साधारण 5 सेकंदांतला वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर सांगतो. पण हा वेग बहुधा चाकांच्या फिरण्यावरून काढलेला असतो. चाकं लॉक होऊन गाडी घसरली, तर नोंद खऱ्या वेगापेक्षा कमी दिसते. आणि जप्त गाडीची चावी उगाच फिरवू नका. एअरबॅग उघडली नसेल तर जुनी नोंद नव्या नोंदीखाली जाऊ शकते.

ताळा रस्त्यावरच मिळतो. घर्षणांक (टायर आणि रस्त्याची पकड सांगणारा आकडा) 0.7 धरला तर सपाट रस्त्यावर 30 मीटर घसरून थांबलेल्या गाडीचा वेग ताशी सुमारे 73 निघतो. मध्ये धडक झाली असेल तर खरा वेग त्याहून जास्त. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांच्या टायरच्या खुणा फिकट असतात, ड्रोनच्या फोटोत अनेकदा हरवतात. उजेड समोर घेऊन, गुडघ्यावर बसून, तिरकं बघितलं की दिसतात. (दिव्यांचा पुरावाही असाच दुर्मीळ होतोय: धडकेच्या वेळी पेटलेल्या बल्बची तार ताणली जायची, एलईडीत तारच नाही.)

पदवी भौतिकशास्त्राची असो वा मेकॅनिकलची, संवेग आणि त्रुटींचं गणित पक्कं हवं. सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर अपघात पुन्हा घडवून बघणं, सर्वांत शेवटी शिका. ते देखणं असतं, पण घालाल त्या आकड्यांवर चालतं, आणि उलटतपासणीत वकील नेमकं तेच धरतात: हा 0.7 कुठून आणला? त्याच रस्त्यावर, तशाच ओल्या-कोरड्या स्थितीत चाचणी घेऊन घर्षणांक मोजलेला असेल, तर उत्तर दोन वाक्यांत संपतं.