बुटकं बुकशेल्फ घेताय? आधी फळीची लांबी बघा

खिडकीखाली नाहीतर सोफ्यामागे बसणारं बुटकं बुकशेल्फ मुंबईच्या छोट्या हॉलमध्ये झकास दिसतं, भिंत मोकळी राहते, वर एखादी कुंडी ठेवता येते. भाड्याची तीन घरं आणि एक स्वतःचं असं फिरताना मी माझ्यासाठी आणि नातेवाइकांसाठी धरून सात-आठ तरी घेतली किंवा बनवून घेतली. त्यामुळे 'शेल्फचा रंग पडद्याला मॅच करा' टाइप सल्ले वाचले की डोकं फिरतं. पडदे बदलता येतात हो, वाकलेली फळी सरळ करता येत नाही.

आधी मापं. खिडकीचा कट्टा किती उंच आहे ते मोजा, शेल्फ त्याच्या दोन बोटं खाली राहिलं पाहिजे. लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजायचं हे सांगायला नको.

भिंतीपासून पुढे १० इंच, बास. दुकानदार १५ इंचाचं दाखवून 'पुस्तकं जास्त बसतील' म्हणेल, त्याच्या नादी लागू नका. मागे दुसरी रांग लागते आणि ती थेट दिवाळीच्या साफसफाईलाच दिसते.

कप्पे दोन. आपली नेहमीची डेमी साइझची पुस्तकं साडेआठ इंच उंच असतात, त्यांना वरचा कप्पा १० इंचाचा पुरतो, दिवाळी अंक आणि जाडजूड कोश खाली १३ इंचात. फळ्यांची जाडी आणि ४ इंचाचे पाय धरले तर सगळं मिळून तीस इंचांच्या आत बसतं. पाय हवेतच, नाहीतर झाडू आणि पोछा खाली जाणार कसा?

आता फळी. इथेच मी आपटले होते.

माझं पहिलं शेल्फ ऑनलाइन मागवलेलं, चार फूट लांब, मधे एकही उभी फळी नाही, फोटोत एवढं देखणं की मी आतलं मटेरियल वाचलंच नाही. पाच-सहा महिन्यांनी वरची रेघ तिरकी वाटायला लागली. नवरा म्हणाला लादीलाच उतार आहे, म्हणून एका पायाखाली कागदाच्या घड्या घालून झाल्या, मग शिवणाच्या डब्यातला दोरा काढून दोन टोकांना ताणून धरला तर मधोमध दोरा आणि फळी यांच्यातून माझं बोट आरपार! त्यात पावसाळा आला, पोछ्याचं पाणी लागून लागून खालच्या फळीची कड चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगली. फोटो पाठवले तर उत्तर काय, मॅडम लोड जास्त झालाय. अरे, बुकशेल्फ म्हणून विकता आणि पुस्तकं ठेवली तर लोड जास्त?

मग मी वजनकाट्यावर फूटभर पुस्तकं रचून बघितली, साडेसात किलो भरली. म्हणजे चार फुटी फळीवर तीस किलो, रात्रंदिवस. आणि गंमत अशी की दर फुटाला वजन तेवढंच ठेवून आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर वाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. हेच उलटं वाचा, चार फुटांच्या मधे एक उभी फळी टाकली की वाक सोळाव्या हिश्शावर येतो, त्या एका फळीचा खर्च तो किती!

म्हणून माझा नियम, आणि यात मी कोणाचं ऐकत नाही: १८ एमएमचा प्लाय, म्हणजे सुताराच्या भाषेत सहा सूत, असेल तर एका खणाची, म्हणजे दोन उभ्या फळ्यांमधली, रुंदी अडीच फुटांच्या वर नको. पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबलेला भुसा, असेल तर दोन फूट, आणि खरं सांगू का, घेऊच नका. तो प्लायच्या निम्मासुद्धा ताठ नसतो आणि आपल्या दमट हवेत हळूहळू आणखी झुकत जातो. सहा फुटी शेल्फ हवंय? घ्या की, पण तीन खणांचं. आणि प्रत्येक मधल्या उभ्या फळीच्या खाली जमिनीवर पाय टेकलेला पाहिजे. फक्त चार कोपऱ्यांना चार बारीक पाय असलं की सगळं वजन तळाच्या फळीवर येतं, मग वरचे खण कितीही बरोबर असले तरी उपयोग नाही.

दुकानात फळीच्या पिना जिथे बसतात त्या भोकात मोबाइलचा टॉर्च मारा. थर दिसले तर प्लाय, भुसा दिसला तर नमस्कार करून निघा. सनमायका वरून कितीही सागवानी असू दे.

बनवून घेत असाल तर शीटवरचा छाप बघा, आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर ग्रेड, म्हणजे उकळत्या पाण्याला तग धरणारा, पुरे, बुकशेल्फला आयएस ७१० चा, त्याहून जास्त पाणी सोसणारा मरीन कशाला? प्लायच्या वरच्या थराची रेषा फळीच्या लांबीला पाहिजे, आडवी नको. मिस्त्री 'हो हो' म्हणतो आणि उरलेल्या तुकड्यातून आडवी फळी काढून मोकळा होतो, तेव्हा कापताना समोर उभं राहा, चहा नंतर करा. पुढच्या कडेखाली दीड इंचाची उभी पट्टी मारून घ्या, फळी बरीच ताठ होते आणि जाड, भरीव दिसते.

जुनं सागवानी चालणार असेल तर जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये एक चक्कर मारा. तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला किंवा भोकांतून ताजी पिठी पडली तर ते आहे तिथेच राहू दे.

घरी आणल्यावर भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवा, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला, पावसाळ्यात तिथे ओल येते आणि ओलीमागून कसर. लोखंडी पाय असतील तर खाली रबरी टोप्या लावा, लादीवरचे गंजाचे गोल डाग जाता जात नाहीत. शेल्फ सपाट बसलं का बघायला पाणसळ नसेल तर फोनमधलं लेव्हल चालतं.

जड पुस्तकं खाली. दोऱ्याचं रीळ मात्र हाताशी असू द्या, मी अजून दर पावसाळ्यानंतर एकदा ताणून बघते.