जलबचतीचे कायमचे नियम: सोसायट्या, घरे आणि हॉटेलांनी या चुका टाळाव्यात

खडकवासला धरण भरून मुठा नदीत पाणी सोडले की पुण्यातील सोसायट्यांच्या सभांमधून पाण्याचा विषय उतरतो आणि मार्चमध्ये टँकरच्या बिलाबरोबर परत येतो. गेली वीस-बावीस वर्षे मी सोसायट्या आणि छोट्या हॉटेलांच्या टाक्या, पंप व पाइपलाइन तपासण्याचे काम करतो आहे आणि दर उन्हाळ्यात त्याच चार-पाच चुका वेगवेगळ्या पत्त्यांवर पाहतो आहे. बहुतेक ठिकाणी पाणीकपात आणि पाणीबचतीचे नियम एकच समजले जातात. कपात धरणसाठ्यावर ठरते आणि पाऊस झाला की उठते. नियम मात्र बाराही महिने लागू असतात. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामास पर्जन्यजल संधारणाची यंत्रणा बंधनकारक आहे, ती कायम चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि तसे न केल्यास दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १००० रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते.

दाखल्यापुरता खणलेला खड्डा

बिल्डर भोगवटा प्रमाणपत्रासाठी पावसाचे पाणी जमिनीत जिरवण्याचा खड्डा खणतो, सोसायटी मालमत्ता करातील सवलतीसाठी त्याचा फोटो काढते आणि त्यानंतर त्या खड्ड्याच्या झाकणावर कुंड्या ठेवल्या जातात. माझ्या अनुभवात सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे.

पुण्याच्या पश्चिमेकडील एका सोसायटीच्या अध्यक्षांनी मला काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बोलावले होते. ‘‘साहेब, आपला शोषखड्डा काठोकाठ भरलाय, म्हणजे यंत्रणा चालतेय ना?’’ असे त्यांनी मोठ्या समाधानाने विचारले. शोषखड्डा भरून राहणे म्हणजे तो काहीच शोषत नाही, हे त्यांना पटवण्यात माझा अर्धा तास गेला. झाकण उचलले तेव्हा पाण्यावर डासांच्या अळ्या वळवळत होत्या आणि कडेला पारव्यांची पिसे तरंगत होती. खड्डा दहा फूट खोल होता. वरच्या तीन फुटांत मुरूम आणि त्याखाली अखंड काळा पाषाण. आपल्याकडचा बेसाल्ट भेगा असतील तेथेच पाणी घेतो, आणि येथे तर बोगनवेलीमागे झाकला जातो एवढ्याच कारणासाठी तो कोपरा निवडलेला होता.

मुरूम खोल असेल अशी जागा शोधून नवा खड्डा घ्यावा, असे मी लिहून दिले. समितीला एवढा धीर नव्हता. ओळखीच्या प्लंबरने ‘‘दोन तासांत करून देतो’’ म्हणत गच्चीचा पाइप गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये सोडला. दिवाळीपर्यंत बोअरच्या पाण्याला वास येऊ लागला, नंतर ते गढूळ झाले आणि अखेर पंप गाळाने अडकला. काँप्रेसर लावून बोअर फ्लश करण्यात आणि पंप दुरुस्त करण्यात जेवढे पैसे गेले, तेवढ्यात नवा खड्डा झाला असता. दोन तासांत होणाऱ्या पाण्याच्या कामांविषयी माझे मत तेव्हापासून बिघडले, ते अद्याप सुधारलेले नाही.

पहिल्या पावसाची धुवण बाहेर सोडण्यासाठी व्हॉल्व्ह असावा आणि पाइपांच्या तोंडांना डास शिरणार नाहीत अशी जाळी असावी, या दोन्ही गोष्टी नियमावलीतच सांगितलेल्या आहेत. तरीही मी पाहतो त्या यंत्रणांपैकी बहुतेकांत व्हॉल्व्ह नसतो, किंवा असलाच तर पंधरा फूट उंचीवर, शिडीशिवाय हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी असतो. मी तो छातीच्या उंचीवर बसवून लाल रंगाने रंगवतो आणि त्याची जबाबदारी नावानिशी वॉचमनकडे देतो. पहिले तीन चांगले पाऊस मी वाहू देतो. कोणी एक पुरे म्हणतात, पण कबुतरे बसणाऱ्या गच्चीच्या बाबतीत मी तिनावरच ठाम आहे. खड्डा वापरात घेण्यापूर्वी त्यात दहा हजार लिटरचा एक टँकर रिकामा करून पाणी किती वेळात उतरते ते घड्याळ लावून पाहतो. सकाळी ओतलेले पाणी दुसऱ्या दिवशीही तेथेच असेल, तर जागा चुकली आहे. टँकरचे पाणी खड्ड्यात ओतायला सांगितले की सभासद माझ्याकडे वेड्यासारखे पाहतात.

पाऊस अडवला की टँकर बंद, हा हिशेब

गच्ची ४०० चौरस मीटर आणि पुण्याचा वर्षाचा पाऊस ढोबळमानाने ७०० मिलिमीटर धरा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणून एकूण २ लाख ८० हजार लिटर. उडणारे, सांडणारे आणि सोडून दिलेले वजा केल्यास सुमारे सव्वादोन लाख. चाळीस फ्लॅट, घरटी चार माणसे आणि माणशी १३५ लिटर या प्रचलित निकषाने त्या सोसायटीला रोज २१,६०० लिटर पाणी लागते. म्हणजे वर्षभराचा गच्चीवरील पाऊस साधारण दहा दिवसांचा झाला. तो अडवायलाच हवा, कारण बोअरला त्याचा आधार मिळतो. पण ज्या सोसायटीची खालची टाकी गळते आहे, तिने आधी गच्चीकडे धावू नये.

गळती न शोधता पाणी विकत घेणे

अशाच चाळीस फ्लॅटच्या एका सोसायटीत एप्रिलमध्ये रोज एक टँकर येत होता आणि समितीने दुसरी बोअर घेण्याचा ठराव केला होता. बोअर मारण्याआधी मला एक रात्र द्या, एवढीच विनंती मी केली. रात्री अकरा वाजता पालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला, पंपाचा फ्यूज काढून खिशात ठेवला (पंप बंद ठेवायला सांगितले तरी कोणीतरी तो सुरू करतोच) आणि टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारली. पहाटे पाच वाजता पाणी रेघेच्या दहा सेंटिमीटर खाली होते. टाकी पाच मीटर बाय चार मीटरची होती. म्हणजे सहा तासांत दोन हजार लिटर आणि दिवसाला आठ हजार. रोज येणाऱ्या टँकरमधले पाऊणहून अधिक पाणी कोणीही न वापरता जमिनीत जात होते, आणि वर्षाचा हिशेब केला तर ते गच्चीवर अडवता येणाऱ्या पावसाच्या जवळजवळ तेरा पट भरत होते.

‘‘अहो, पण ओल कुठेच दिसली नाही,’’ असे खजिनदार काका पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ती दिसणारच नव्हती, कारण पंपाचा पाइप भिंतीतून जातो तेथील सांधा उकलला होता आणि तेथून पाझरणारे पाणी शेजारच्या पावसाळी गटारात मिळत होते. सांधा दुरुस्त करायला दोन दिवस लागले. दुसऱ्या बोअरचा ठराव मात्र रद्द करायला तीन सभा लागल्या, कारण बोअर मारणाऱ्याला आगाऊ रक्कम दिलेली होती.

ही खडूची परीक्षा मी वर्षातून दोनदा, होळीच्या आणि दिवाळीच्या सुमारास करायला सांगतो. घरातल्या घरात फ्लशसाठी त्याहून सोपा उपाय आहे: टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे फ्लश करू नये, रंग कमोडमध्ये उतरलेला दिसला तर आतला रबर बदलावा. रंगपंचमीचा उरलेला रंग वापरू नये, एका गृहस्थांचा कमोड महिनाभर गुलाबी राहिला होता. नळातून सेकंदाला एक थेंब पडत असेल, तरी दिवसाला पंधरा-वीस लिटर जातात.

नळाच्या तोंडची जाळी बसवून विसरणे ही लहान चूक आहे. क्षार साचून धार बारीक झाली की लोक जाळीच काढून फेकतात; ती रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावी. गाडी पाइपने धुणे याविषयी मी लिहिणार नाही, ते सर्वांना कळते.

आरओविषयी मात्र लिहितो. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. पाण्यातील विद्राव्य क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे आरओवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. खडकवासला साखळीतून पालिका देते ते पाणी या मर्यादेच्या बरेच खाली असते. त्यामुळे हे क्षार मोजणारा शंभर-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर आधी घ्यावा आणि आरओचे नंतर ठरवावे. टँकर किंवा बोअरचे पाणी प्यावे लागत असेल तर गोष्ट वेगळी. आरओतून बाहेर पडणारे पाणी फरशीला वापरावे. क्षारांमुळे मी ते कुंड्यांना घालत नाही.

हॉटेल आणि खानावळींचे पाणी जाते ते मोरीत. उष्टे खरवडून काढण्याचे काम नळाच्या धारेवर सोपवले जाते आणि गर्दीच्या वेळी नळ बंद करायला कोणाचा हात मोकळा नसतो. मी तेथे पायाने दाबायचा नळ बसवायला सांगतो. सूचनांच्या पाट्यांवर माझा विश्वास नाही. भांडी घासणाऱ्याने रात्री अकरा वाजता पाटी वाचावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

प्रक्रिया केलेले सांडपाणी फ्लशला आणि बागेला वापरणाऱ्या मोठ्या संकुलांनी एक गोष्ट अजिबात करू नये: नुसत्या ‘तात्पुरत्या’ कामासाठीसुद्धा ती लाइन पिण्याच्या लाइनला जोडू नये, मध्ये व्हॉल्व्ह असला तरीही. व्हॉल्व्ह कधीतरी गळतो, आणि तात्पुरता जोड पुढच्या समितीला कायमचा वाटतो. दोन्ही लाइनना वेगळा रंग द्यावा आणि पाइपांचा नकाशा काढून घ्यावा. त्याची एक प्रत मी पंपाच्या खोलीत दारामागे प्लास्टिकमध्ये घालून लावतो, कारण कार्यालयाच्या कपाटातला नकाशा, चावी घेऊन सेक्रेटरी गावी गेले असताना पाइप फुटला, तर कोणाच्याही हाती लागत नाही.