तालमीच्या भिंतीवर आपली फुटबॉल टीम कशी रंगवावी

कोल्हापुरात फुटबॉलची टीम म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल... शाहू स्टेडियमच्या गॅलरीत ज्या नावांचा जयघोष चालतो, ती मुळात तालमींची नावं आहेत. कुस्तीचा लाल मातीचा हौदा आणि फुटबॉलचे बूट, दोन्ही एकाच वारशात बसतात. म्हणून पेठेतल्या भिंतीवर टीम रंगवायची, तर नेटवरचं एखादं परदेशी चित्र उचलून त्यावर जर्सीचा रंग बदलून चालणार नाही. मी अशा बऱ्याच भिंती रंगवल्या आहेत. चित्र चांगलं झालं की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. गल्लीतून जाणाऱ्या म्हातारीनं मान वर केली आणि "अगं, हा तर आपला..." असं तिच्या तोंडून निघालं पाहिजे.

कोणाला रंगवायचं

भिंत वीस बाय तीस फुटांची असली तरी पाचपेक्षा जास्त चेहरे घेऊ नका. विश्वचषकाच्या दिवसांत चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे कटआउट लागतात आणि नंतर उतरतात. भिंत वर्षानुवर्षं राहते, ती आपल्या माणसांना द्या. पोरं अनिकेत जाधवचा आग्रह धरतात आणि तो रास्तच आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला तो कोल्हापूरचाच मुलगा. पण त्याच्या शेजारी त्या गल्लीत वाढलेला खेळाडू हवाच. जर्स्या धुणारी, खेळाडूंना भाकरी वाढणारी एखादी मावशी हवी आणि बॉल उराशी धरलेलं एखादं पोर हवं. पदाधिकाऱ्यांचे आणि वर्गणीदारांचे चेहरे घेऊ नका, त्यांची नावं खाली कोपऱ्यात लिहा. दुसऱ्या पेठेला खाली दाखवणारं काहीही काढायचं नाही. मैदानातली ईर्षा भिंतीवर आली की ती तिथंच राहते आणि शाळेला जाणारी लहान मुलं ती रोज बघतात.

परवानगी

लेखी घ्या. घर खासगी असेल तर मालकाची आणि भिंत सार्वजनिक असेल तर महापालिकेची. मालमत्ता विद्रूपण रोखणारा कायदा राज्यात 1995 पासून आहे, त्यामुळे तोंडी होकारावर ब्रश उचलू नका. मालकाला आणखी एक विचारा: या भिंतीला पुढं खिडकी काढायची आहे का? इटलीतल्या नेपल्समध्ये मारिओ फिलार्दीनं 1990 साली एका इमारतीवर अख्खा माराडोना रंगवला होता. पुढं नेमक्या चेहऱ्याच्या जागी खिडकी निघाली.

भिंत

जुना चुना खरवडून काढा. हात फिरवल्यावर भुकटी लागत असेल, तर अजून खरवडायचं राहिलंय असं समजा. नवा गिलावा असेल तर किमान 28 दिवस थांबा. ओल तपासायला हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर काम सुरूच करायचं नाही. "प्रायमरचे दोन हात मारा, ओल दबते" असं दुकानात सांगतात. ओल दबत नाही. पहिल्याच पावसाळ्यात क्षार फुटतात आणि रंगाचे पोपडे निघतात. आधी गळका पाइप किंवा गच्चीची भेग दुरुस्त करून घ्या. आमच्याकडं जानेवारी ते मार्च हे तीन महिने या कामाला सर्वांत चांगले.

चित्र भिंतीवर उतरवणं

बहुतेक कामं इथं बिघडतात आणि याबद्दल सगळे दोन ओळींत सांगून मोकळे होतात: चौकटी आखा, चित्र मोठं करा. मीही बरीच वर्षं तसंच केलं.

एका तालमीच्या मागच्या भिंतीवर मी त्यांचा जुना गोलकीपर काढला होता. तो माणूस हयात नव्हता. एक-एक फुटाच्या चौकटी आखून, फोटोशी ताडून, परांचीवर बसून सहा दिवस चेहरा केला. वरून पाहिलं तर हुबेहूब. परांची उतरली, त्याची बहीण आली, गल्लीत उभं राहून बराच वेळ वर पाहत राहिली आणि म्हणाली, "ह्यो आमचा दादा न्हवं." तिचं बरोबर होतं. खालून तो चेहरा दबलेला दिसत होता. कपाळ गेलेलं, हनुवटी पुढं आलेली. मी फोटोतला माणूस काढला होता, गल्लीतून दिसणारा काढला नव्हता. तो चेहरा पुसून मी पहिल्यापासून काढला.

हिशोब साधा आहे. गल्ली बारा फूट रुंद धरा. चेहरा चार फुटांचा, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांपासून नऊ फुटांवर सुरू होऊन तेरा फुटांवर संपणारा. खालून पाहताना त्याची रुंदी तशीच राहते, उंची मात्र तीन फुटांचीच भासते. नाक-डोळे कितीही अचूक असले तरी माणूस ओळखू येत नाही.

म्हणून पहिला नियम: महत्त्वाचे चेहरे भिंतीच्या खालच्या अर्ध्यात घ्या. वर आकाश, बॉल, झेंडा, नाव. दुसरा नियम: वर न्यावाच लागला, तर चेहरा उभा ताणा. चार फुटांचा साडेचार फूट करा, त्याहून जास्त नको. पूर्ण भरपाई करायला गेलात तर गल्लीच्या तोंडावरून तोच चेहरा लांबोडका दिसतो, आणि लोक तिथूनही बघतात.

आता चौकटी. ओबडधोबड गिलाव्यावर दोरीची रेघ वाकडी जाते, मध्ये खिडकी आली की मोजणी चुकते. प्रोजेक्टर सुचवणाऱ्यांनी पेठेतली गल्ली पाहिलेली नसते. वीस फूट रुंद चित्रासाठी साधा प्रोजेक्टर तीसेक फूट मागं न्यावा लागतो. एवढी जागा गल्लीत कुठून आणायची? वर रस्त्यावरचा दिवा रात्रभर चालू.

मी आता खुणांची पद्धत वापरतो. फिक्या रंगानं अख्ख्या भिंतीवर अक्षरं, आकडे, फुल्या, गोल असं काहीही काढा. प्रत्येक हातभर जागेत एक खूण हवी आणि कुठल्याही दोन खुणा सारख्या नकोत. मग समोरच्या घरात पहिल्या मजल्यावर जा, खिडकीतून भिंतीचे फोटो घ्या. एका फोटोत मावणार नाही, तुकड्यांत घ्या. मोबाइल वर तिरका करू नका, नाहीतर भिंतीच्या कडा फोटोत निमुळत्या होतात आणि चित्र वरच्या बाजूला फाकतं. मोठ्या आवाक्याची (वाइड अँगल) लेन्सही नको, ती कडेच्या माणसांना रुंद करते. चित्र काढायच्या ॲपमध्ये खाली भिंतीचा फोटो आणि वर तुमचं रेखाटन ठेवा. रेखाटन अर्धं पुसट करा आणि वरचे चेहरे ताणायचे असतील ते इथंच ताणा. आता डावा डोळा 'क'च्या पोटात येतो, हनुवटी 7 च्या शेंड्याला टेकते, असं बघत परांचीवर हात चालवायचा. मोजपट्टी लागत नाही.

तरीही लगेच रंग लावू नका. डोळे, नाकाचं टोक, ओठांची रेघ आणि हनुवटी खडूनं काढा, खाली उतरा आणि तीन जागांवरून बघा: समोरचा कट्टा, भिंतीचा पायथा, गल्लीचं तोंड. मग ज्यांचा माणूस आहे त्यांना बोलवा, खडू असतानाच. याच गावात बाबूराव आणि आनंदराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले. पडद्याचं काम म्हणजे हात पडद्याशी आणि डोळा प्रेक्षकांच्या जागी. भिंतीला तीच शिस्त लागते. एका चेहऱ्यासाठी मी दिवसाला वीस-वीस वेळा उतरतो, गुडघे दुखले तरी.

जुन्या खेळाडूचा फोटो बहुधा टीमच्या ग्रुप फोटोतला, नखाएवढा असतो. त्यातून नाकाचा नेमका आकार मिळत नाही आणि मिळवायचा हट्टही धरू नका. त्याच्याबरोबर खेळलेल्यांना विचारा, तो उभा कसा राहायचा? त्या गोलकीपरला दुसऱ्यांदा काढताना मला कळलं, की पेनल्टीच्या आधी तो उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं घट्ट धरायचा. तेवढं मनगट मी नीट काढलं. बहिणीनं या वेळी चेहऱ्याकडं पाहिलंच नाही, आधी हाताकडं बोट केलं.

रंग

बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक इमल्शन घ्या, आतल्या भिंतीचा नको. आधी मोठ्या सावल्या, मग उजेड, बारकावे शेवटी. चेहऱ्याभोवती काळी रेघ मारू नका, लांबून माणूस मुखवट्यासारखा दिसतो. डोळ्यांत शुद्ध पांढरा भरू नका, थोडा करडा मिसळा. पश्चिमेच्या उन्हात भडक लाल लवकर उडतो, जमेल तिथं गेरूच्या जातीचा लाल वापरा. तालमीच्या मातीला तोच शोभतो. स्प्रे मारताना मास्क लावा.

नाव

टीमचं नाव देवनागरीत असू द्या आणि शिरोरेघ दोरी ताणूनच मारा. हात बसलेला नसेल तर अक्षरांसाठी बोर्ड रंगवणारा पेंटर बोलवा आणि त्याला त्याचे पैसे द्या.

शेवटी

सगळं सुकल्यावर चकाकी नसलेलं पारदर्शक कोटिंग मारा. चकाकीचं मारलंत तर दुपारी उन्हात अर्धं चित्र दिसत नाही. उरलेले रंग डब्यांवर शेड नंबर लिहून तालमीतच ठेवा. पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात एकदा भिंत धुऊन घ्या आणि उडालेल्या जागा तालमीतल्या पोरांकडूनच भरून घ्या. फक्त चेहऱ्यांना हात लावण्याआधी मला, किंवा ज्यानं काढलेत त्याला बोलवा.