पावसाळ्यात लिंबाची पानं नंतर बघा, आधी बुंधा बघा

आषाढ लागला की ओळखीपाळखीचे लोक मला लिंबाच्या पानांचे फोटो पाठवायला लागतात. पान पिवळं पडलंय, पान गुंडाळलंय, पानावर डाग आहेत, काय मारू? माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, आधी खाली बसा, बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करा आणि मग फोटो पाठवा. आपल्याकडे मुरबाड, शहापूर, बदलापूर पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लिंबाच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही, म्हणून इथे लिंबू किडीने कमी आणि मुळाशी पाणी तुंबून जास्त मरतं.

हे मी स्वतः भोगलंय. मुरबाडकडच्या जागेत भाताच्या खाचराला लागून कागदी लिंबाची आठ झाडं लावली होती, उन्हाळ्यात पाणी द्यायला केलेली आळी पावसाळ्यात तशीच राहिली आणि गवत काढणाऱ्याने आधार म्हणून बुंध्याशी मातीची भर घातली. श्रावणात पानं पिवळी पडली, मला वाटलं खत कमी पडलं, युरिया टाकला. दसऱ्यापर्यंत तीन झाडं वाळली. उपटताना बघितलं तर जमिनीलगतची साल तपकिरी, ओली, बोटाने सोलून निघत होती, आंबूस वास येत होता आणि वर मधासारखा डिंक सुकून बसला होता. हाच डिंक्या रोग, फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जंतूमुळे होणारा, आणि पानं पिवळी दिसेपर्यंत खाली बुंधा बऱ्याचदा बराच कुजलेला असतो.

म्हणून आत्ता काय करायचं, तर आळी मोडून टाका, बुंध्याशी उंचवटा आणि बाहेरच्या बाजूला उतार ठेवा, उताराच्या दिशेने चर काढा. भर मात्र सालीवर चढता कामा नये, कलम असेल तर जोड जमिनीच्या चांगला वर दिसला पाहिजे. डिंक दिसला तर धारदार स्वच्छ सुरीने कुजलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडा, खरवडलेलं तिथेच टाकू नका, गोळा करून जाळा, आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. पावसाळ्याआधी आणि पाऊस गेल्यावर हीच पेस्ट सगळ्या झाडांच्या बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत लावायची, दुखणं असो नसो. मुळाजवळ ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी कुजलेल्या शेणखतातून द्या, पण ताम्रयुक्त औषध त्याच जागी त्याच दिवसांत ओतू नका, ट्रायकोडर्माच मरेल.

आता तण. टाकळा पहिल्या पावसात भाजीला खुडतो तोपर्यंत बरा, पुढे गुडघ्याच्या वर गेला की फुलायच्या आत कापा, शेंगा धरल्या तर पुढच्या वर्षी दुप्पट काम. उतारावरच्या बागेत दोन ओळींमधलं गवत मुळासकट खणून काढू नका, माती वाहून जाते, विळ्याने किंवा ब्रशकटरने कापा. बुंध्याभोवती दीड-दोन फुटांचा गोल मात्र हाताने साफ ठेवा, तिथे कुदळ आणि ब्रशकटर नको, कारण सालीला लागलेली एक खरचट डिंक्याला दार उघडून देते. कापलेलं गवत बुंध्याला टेकवून ढीग करू नका.

पानांवर यायचं तर पावसाळ्यात कोवळी फूट आली की नागअळी येते, पानात चांदीसारखी नागमोडी रेघ दिसते. रेघ वाईट दिसते पण खरं नुकसान पुढे आहे, त्या जखमेतून खैऱ्या (कॅन्कर) रोगाचे जिवाणू आत जातात, पानाच्या दोन्ही बाजूंना खडबडीत फोड आणि भोवती पिवळी कडा, मग फळांवर तेच डाग, आणि वाशीच्या बाजारात डागी माल कोण उचलतो? म्हणून नव्या पालवीवर ५ टक्के निंबोळी अर्क मारा, बुंध्यातून निघणारे पाणसोट (सरळ वाढणारे जोमदार फुटवे) काढून टाका, आणि झाड ओलं असताना छाटणी नको, खैऱ्या पावसाच्या थेंबांतून पसरतो. सरीवर सरी चालू असताना फवारणीचे पैसे वाया जातात, तीन-चार तास उघडीप बघून १ टक्का बोर्डो मारा. १ किलो मोरचूद कापडात बांधून प्लास्टिकच्या ड्रममध्ये ५० लिटर पाण्यात लटकवा, दुसरीकडे १ किलो चुना ५० लिटरमध्ये, आणि तिसऱ्या ड्रममध्ये दोन्ही एकदम ओतत ढवळा. नंतर विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, गाळून आणखी घाला. त्याच दिवशी संपवा.

फुलपाखराची अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी, हात लावला की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. लहान झाडावर सकाळी हाताने वेचा, दोन-तीन अळ्या छोटं रोप बोडकं करतात. शेजारचा कढीपत्ता आणि बेलही तपासा, ती तिकडेही असते. पानं काळी काजळीसारखी झाली तर ती कोळशी, काळी माशी किंवा पिठ्या ढेकूण यांच्या चिकट स्रावावर वाढणारी बुरशी, आणि त्या किडींच्या मागे मुंग्यांची रांग.

ऐरोली-खारघरला गच्चीवर ड्रममध्ये लिंबू असेल तर खालचं भोक काडीने मोकळं करा आणि खालची ताटली पावसाळाभर काढून ठेवा.

नवी रोपं घ्यायची असतील तर साई सरबती किंवा प्रमालिनी मागा, खैऱ्याला त्यातल्या त्यात टिकतात. पिशवीतलं रोप घेताना मुळं बघून घ्या, तपकिरी, सडकी असतील तर नका घेऊ, नर्सरीवाला कितीही म्हणो. आणि हे सगळं भाद्रपदाच्या आत उरका, हस्त बहाराची (सप्टेंबर-ऑक्टोबरमधली) फुलं लागायच्या आधी झाडावर निरोगी पानं हवीत, एप्रिल-मे मधलं फळ त्याच पानांच्या जिवावर पोसतं.