एक ‘वेस्ट’, तीन शब्द: मराठी भाषकांना इंग्रजी उच्चार कसे शिकवावेत

फळ्यावर ‘वेस्ट’ लिहा आणि वर्गाला अर्थ विचारा. कुणी पश्चिम म्हणेल, कुणी बनियन, कुणी कचरा. तिघांचंही बरोबर, कारण इंग्रजीत हे वेगवेगळ्या उच्चारांचे तीन शब्द आहेत आणि आपल्या लिपीत तिन्हींचं लेखन अनेकदा एकच होतं. इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देण्याची सवय इथेच अडते.

यामागे भाषाविज्ञानातली एकच कल्पना आहे: स्वनिम, म्हणजे ज्याच्या बदलाने अर्थ बदलतो तो आवाज. ती समजवायला इंग्रजी लागत नाही. ‘जग बदललं’ आणि ‘तू सुखाने जग’ ही वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा. अक्षर तेच, पण पहिला ज तालूवर होतो आणि दुसरा दातांमागे. प्रमाण मराठी बोलणारा हा फरक न शिकवता करतो. एका अक्षरात दोन आवाज असू शकतात हे एकदा पटलं, की व, फ, इ यांच्याकडे संशयाने पाहायला मुलं आपणहून लागतात.

आता तपासणी. दोन भाषा शेजारी ठेवून चुकांचा अंदाज बांधता येतो, हा भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडो यांचा 1957 सालचा विचार. शिकणाऱ्याच्या प्रत्यक्ष चुका पाहा, हे भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलं. दोन्ही करा. अंदाजाची यादी आधी कागदावर काढा, मग प्रत्येकाचं मोबाइलवर दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण घ्या: एक मिनिट ठरलेला उतारा, एक मिनिट मोकळं बोलणं. फक्त वाचन घेतलंत तर फसाल. वाचताना जपून उच्चारलेला आवाज बोलताना गळून पडतो.

यादीतून आधी काय गाळायचं ते ठरवा. ‘थिंक’मधला दंत्य थ आणि ‘टेबल’मधला मूर्धन्य ट ऐकून परदेशी माणूस सहसा गोंधळत नाही. भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली आंतरराष्ट्रीय संवादासाठी आवश्यक उच्चारांची जी यादी मांडली, तिच्यातही ‘थ’चा इंग्रजी उच्चार अनिवार्य धरलेला नाही. ‘स्कूल’सारखी जोडाक्षरंही सोडा, ‘स्नान’, ‘स्थळ’ म्हणणाऱ्या जिभेला ती जड जात नाहीत.

वेळ द्यायचा तो व-ला. बनियनवाल्या शब्दात वरचे दात खालच्या ओठावर टेकवून तीन सेकंद गुणगुणायचं; ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. पश्चिमेच्या शब्दात दात अजिबात लागत नाहीत: ओठांचा उ-सारखा चंबू करून ‘उ-एस्ट’ म्हणा आणि वेग वाढवा. हातात छोटा आरसा असू द्या. कचऱ्याच्या शब्दात सुरुवात पश्चिमेसारखीच, पण स्वर ए-वरून इ-कडे सरकतो. मराठी ए जागचा हलत नाही. दोन्ही व एकाच तासाला शिकवू नका. तसं केलं की मुलं सगळीकडे चंबू करू लागतात आणि ‘व्हेरी’सुद्धा बिघडतं.

तोंडाआधी कान. एकाच आवाजाने वेगळे होणारे असे दोन-दोन शब्द तोंडासमोर वही धरून म्हणा, नाहीतर मुलं ओठ पाहून उत्तर देतात. पहिला शब्द वाटला तर एक बोट, दुसरा वाटला तर दोन. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत उच्चार करून घेण्याची घाई करू नका. कानाला न कळलेला फरक जिभेवर टिकत नाही.

‘शिप’ आणि ‘शीप’ची अडचण वेगळी आहे. मराठीत तीन, फूल, बहीण यांत शेवटच्या व्यंजनाआधीचा इकार-उकार दीर्घ होतो आणि तीच सवय ‘शिप’लाही लांबवते. म्हणून शिक्षक ‘आखूड म्हणा’ सांगतात. इतकं पुरत नाही. इंग्रजीत अघोष (प, ट, क यांसारख्या) व्यंजनाआधी लांब स्वरही आखडतो, त्यामुळे या जोडीत लांबीपेक्षा स्वराचा रंग महत्त्वाचा. ‘शिप’साठी जीभ सैल सोडून किंचित खाली, ए-च्या दिशेने आणा. ‘शीप’साठी ओठ हसल्यासारखे ताणा.

प, ट, क शब्दाच्या सुरुवातीला आले की इंग्रजीत मागोमाग हवेचा झोत येतो. मराठी प-ने म्हटलेलं ‘पिन’ इंग्रजाच्या कानाला ‘बिन’ वाटू शकतं. ओठांपुढे पाच सेंटिमीटरवर कागदाची पट्टी धरा. ‘पिन’ म्हणताना ती हलली पाहिजे, ‘स्पिन’ म्हणताना जवळजवळ स्थिर. ओठ पूर्ण मिटून जुन्या वळणाचा ‘फुला’तला फ म्हणायला सांगितलं की जमतं. दात लागले तर मात्र मासळीच्या परांचा ‘फिन’ ऐकू येईल.

आमच्या मते निम्मा वेळ बलाघाताला, म्हणजे अक्षरावरच्या जोराला द्यावा. मराठीत अक्षरांना साधारण सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत एक अक्षर लांब आणि ठळक, बाकीची दबलेली. ‘फोटोग्राफ’ पहिल्या अक्षरावर जोर घेतो, ‘फोटोग्राफर’ दुसऱ्या आणि ‘फोटोग्राफिक’ तिसऱ्या. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. जाड रबरबँड दोन्ही हातांत धरून जोराच्या अक्षराला ताणायला लावा. दुर्बल अक्षरांसाठी मराठी अ जवळपास आयता मिळतो: ‘बनाना’त मधला आ ठळक, पहिला आणि शेवटचा स्वर अ-सारखा निसटता. इथे नेहमीची चूक म्हणजे जोर देताना नुसता आवाज चढवणं. लांबी वाढवायची आहे, ओरडायचं नाही.

क्रम शब्द, पदबंध (दोन-तीन शब्दांचा गट), वाक्य, मोकळं बोलणं असा ठेवा. आठ आठवड्यांनी तोच उतारा आणि एक मिनिट मोकळं बोलणं पुन्हा मुद्रित करा. उतारा सुधारला पण बोलणं जुनंच असेल, तर सुट्या शब्दांचा सराव वाढवू नका. पदबंधांच्या पायरीवर परत या.