गूळ शेवटी, झिंगे आधी बाहेर

आमच्या घरात आईच्या गळ्यात माळ आहे. त्यामुळे खालच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा फुटत नाही. जे काही करायचं ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, एका बर्नरच्या शेगडीवर. तवा वेगळा, उलथनं वेगळं, ताटल्या वेगळ्या. भुसावळात अशा गच्च्या पुष्कळ आहेत. रविवारी अकराच्या सुमाराला नुसता वारा हुंगला तरी कुणाकडे काय शिजतंय ते कळतं.

बायको रेवदंड्याची. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी म्हटलं, आज झिंगे आणतो. ती हरखली. मी पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि तिचा चेहरा उतरला. आमच्याकडे झिंगे म्हणजे आठवडे बाजारात सुकट-बोंबलांच्या शेजारी पाटीत असतात ते वाळवलेले, कांदा-वांग्यात घालायचे. तिच्या डोळ्यांपुढे होती बोटभर ताजी कोळंबी. ती अजून कोळंबीच म्हणते, मी अजून झिंगेच म्हणतो, आणि मुलगी शाळेत जाऊन प्रॉन्स म्हणते.

आज सांगतोय तो पदार्थ मुलीच्या हट्टापायी सुरू झाला. मुंबईला एका हॉटेलात तिने तिखट-गोड, चकचकीत, बोटांना चिकटणारे झिंगे खाल्ले आणि घरी आल्यावर आठवडाभर तेच. त्यात मध होता. मी गूळ घेतला, कारण मध नुसता गोड लागतो आणि गुळाला आपल्या लाल मिरचीची जुनी ओळख आहे. पहिल्या वेळी मी सगळं एकदम तव्यात टाकलं: झिंगे, मिरची, गूळ. झिंग्यांना पाणी सुटलं, ते आटेपर्यंत झिंगे रबर झाले आणि पाणी आटल्यावर गूळ थेट गोळीबंद पाकावर गेला. बायकोने एक तुकडा दाताखाली धरला आणि विचारलं, "अहो, ही कोळंबी आहे की संक्रांतीची चिक्की?"

त्या दिवशी कळलं की झिंगे आणि गूळ यांची वेळ जमत नाही. झिंग्याला दोन मिनिटं पुरतात, पाकाला पाच-सहा लागतात. म्हणून दोघांना वेगळं शिजवायचं आणि शेवटी अर्धा मिनिट एकत्र आणायचं. बाकी सगळं तुमच्या चवीप्रमाणे बदला, हे बदलू नका.

आता माल. भुसावळला समुद्र नाही, त्यामुळे ताज्याचा हट्ट मी सोडलाय. एकदा एका ओळखीच्याने मे महिन्यात सुरतेहून थर्माकोलच्या पेटीत ताजे झिंगे आणले, रेल्वेने. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत गाडी येईपर्यंत बर्फाचं कोमट पाणी झालं होतं. पेटी उघडली आणि अमोनियाचा भपका आला, नाकात झोंबणारा. तो वास आला की दुसरा विचार करायचा नाही. लिंबू, हळद, मसाला कशानेही तो माल सुधारत नाही. दीड किलो झिंगे आम्ही अंगणात खड्डा करून पुरले.

तेव्हापासून गोठवलेलं पाकीट. त्यावर बहुतेक वेळा 'व्हॅनामेई' असं नाव असतं. ही मूळची मेक्सिको ते पेरू या पॅसिफिक किनाऱ्याची जात. भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आता सुरत-नवसारीच्या पट्ट्यातही तिची तळी आहेत. म्हणजे आमच्या गच्चीपासून एका रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला. पाकिटावर ३१/४० असा आकडा दिसला तर एका पौंडात, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅममध्ये, ३१ ते ४० नग असा त्याचा अर्थ. आपल्याला हाच आकार हवा. फार मोठे झाले तर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात, फार छोटे झाले तर पालटेपर्यंत शिजून जातात. सोललेले आणि काळा दोरा काढलेले घ्या. दोरा राहिला असेल तर पाठीच्या मधल्या जोडात टूथपिक खुपसून हलकेच वर उचला, अख्खा निघून येतो.

पाकीट आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. विसरलात तर बंद पाकीटच गार पाण्याच्या पातेल्यात बुडवा, अर्धा-पाऊण तासात सुटतं. गरम पाणी नको, कडा शिजायला लागतात. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही. आणि वजनावर जाऊ नका. झिंग्यांवर बर्फाचा पातळ थर दिलेला असतो. माझ्या पाचशेच्या पाकिटातून बर्फ उतरल्यावर चारशेच्या आसपास माल हाती लागतो. तीन माणसांना तो पुरतो, आमच्या मुलीसारखी चौथी असेल तर नाही.

सुटलेले झिंगे चाळणीत निथळा आणि मग जुन्या सुती पंचाने टिपून कोरडे करा. बोट लावलं तर ओलं लागता कामा नये. पाणी राहिलं तर तव्यावर भाजण्याऐवजी उकडतात आणि रंग धरत नाहीत. टिपून झाल्यावर अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून वीस मिनिटं फ्रिजमध्ये. चमचा म्हणजे चहाचा. सोड्याने झिंगा चावताना कचकन तुटतो, मऊ पडत नाही. हे मला एका चायनीजच्या गाडीवाल्याने सांगितलं. बायकोला पटलं नव्हतं, आता ती स्वतः लावते. पाव चमच्यावर जाऊ नका, साबणासारखी चव येते.

तेवढ्या वीस मिनिटांत मिरची.

हिवाळ्यात नंदुरबारला गेलात तर शहराबाहेर मैदानंच्या मैदानं लाल दिसतात. त्यांना मिरचीची पथारी म्हणतात. ओली लाल मिरची उन्हात पसरून वाळवायची, बायका ओळीने बसून देठं खुडतात. रस्त्यावरून जाताना गाडीच्या काचा बंद असल्या तरी घसा खवखवतो. माझा एक साडू तिकडे असतो, त्याच्याकडून दरवर्षी दोन किलो सुकी मिरची येते. तुम्ही कुठलीही चांगली सुकी लाल घ्या, पण यंदाची घ्या. जुन्या मिरचीचा रंग विटकरी होतो आणि पाक मळकट दिसतो. तिखट सहा, आणि रंगासाठी बेडगी चार. देठं-बिया काढून उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायच्या. मग आठ-दहा लसणीच्या पाकळ्या आणि भिजवलेलं थोडं पाणी घालून वाटायच्या. मिक्सर चालेल. मी पाट्यावर वाटतो, कारण पाटा गच्चीवर आहे आणि मिक्सर खाली. पण एक फरक पडतो खरा: पाट्यावर लसूण थोडी भरड राहते आणि पाकात तिचे कण दिसतात.

तिखटपूड वापरायची असेल तर दीड चमचा बस, पण ती तेलात क्षणात जळते, हे लक्षात असू द्या.

गूळ पन्नास ग्रॅम, म्हणजे लिंबाएवढा खडा. चिरून चार मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवा आणि गाळून घ्या. गाळल्याशिवाय घेऊ नका. झिंग्यात कचकच आली की खाणारा दोष झिंग्याला देतो. आई पहिल्यांदा गूळ वर जाताना बघून म्हणाली होती, "काहाले गुयाची नासाडी?" अजून म्हणते.

आंबटपणावर आमच्या घरात तह झालाय. बायकोला कोकमाचं आगळ हवं, मला आमचूर. सातपुड्यातल्या धडगावकडचा आमचूर मिळाला तर जरूर घ्या. कैऱ्यांचे काप उन्हात वाळवून करतात, आणि त्याला नुसत्या आंबटपणापलीकडे एक धुरकट वास असतो. एक सपाट चमचा. शिवाय एक चमचा सोया सॉस, तो मुलीचा वाटा.

आता सगळं हाताशी घेऊन बसा, कारण पुढचं दहा मिनिटांत संपतं. मध्येच आमचूर आणायला खाली धावलात तर चिक्की होणार.

बिडाचा तवा मोठ्या आचेवर चांगला तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचला पाहिजे. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल. झिंगे दोन हप्त्यांत टाका, एकमेकांना न चिकटता, एका थरात. सगळे एकदम टाकले की तवा थंड होतो आणि पाणी सुटतं. टाकल्यावर हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला परतत राहायची सवय. मनात साठ मोजा. कडा गुलाबी होतात आणि खालच्या बाजूला सोनेरी डाग पडतो, तेव्हा पालटा. दुसरी बाजू तीस मोजेपर्यंत. मधोमध जाड भागात किंचित काचेसारखी झाक दिसत असतानाच ताटलीत काढा. झिंगा इंग्रजी 'सी' अक्षरासारखा वळला की झाला. पार गोल, शून्यासारखा झाला की समजा वेळ गेली. ताटलीतसुद्धा तो आतल्या उष्णतेने शिजत राहतो आणि उरलेलं पाकात होतं.

आच बारीक करा. त्याच तव्यात एक चमचा तेल आणि वाटलेली मिरची-लसूण. दीड-दोन मिनिटं परता. आधी कच्चट वास येतो, डोळ्यांत पाणी येतं, मग वास गोडसर होतो आणि कडेने लाल तेल दिसायला लागतं. वाऱ्याकडे पाठ करून बसा. आता गुळाचं पाणी, सोया सॉस, चिमूटभर मीठ. आच मध्यम. ताटलीत झिंग्यांखाली जो रस जमलाय तोही आताच ओता, नंतर ओतलात तर पाक पातळ होतो.

इथे तव्याकडे नीट बघायचं. सुरुवातीला बुडबुडे बारीक, फेसाळ, चहासारखे. दोन-तीन मिनिटांनी ते मोठे आणि संथ होतात, फुटताना पटपट आवाज येतो आणि वर चकाकी चढते. उलथनं तव्यावरून ओढलं तर मागे वाट पडली पाहिजे आणि ती सावकाश भरून आली पाहिजे. वाट भरलीच नाही तर पाक पुढे गेलाय. घाबरू नका, दोन चमचे पाणी घाला, मागे येतो. लाडवाच्या पाकाची सवय असलेल्यांना इथे थांबणं जड जातं. एकतारीच्याही जरा अलीकडे थांबायचं, कारण गार होताना तो आणखी घट्ट होतो.

आमचूर घाला, ढवळा, आच मोठी करा, झिंगे आत. आता मात्र हात थांबवायचा नाही. तीस-चाळीस मोजेपर्यंत उलटसुलट. प्रत्येक झिंग्याला पाक लपेटला गेला, तव्यात सांडलेला पाक उरला नाही, की गॅस बंद. भाजलेले तीळ किंवा दाण्याचा भरड कूट वरून, आणि कोथिंबीर. मला कूट आवडतो. तो पाकाला धरून राहतो आणि तीळ दातांत अडकतात.

लगेच ताटलीत काढा. बिडाच्या तव्यात आंबट पदार्थ राहिला की लोखंडाची चव उतरते आणि रंग काळवंडतो.

सोबत काय, यावर दोन पक्ष आहेत. बायको आणि मुलगी साधा भात घेतात, आणि तो चांगला लागतो, हे मी कबूल करतो. माझ्यासाठी खालून कळण्याची भाकरी येते, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. उडदाचा खरपूसपणा आणि गुळाचा पाक तोंडात भेटला की बोलणं बंद होतं. सोबत बुक्कीने फोडलेला कांदा. भाकरी आई करते, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवते आणि वर न बघता मागे वळते.

पाहुण्यांना वाढण्याआधी एकदा विचारून घ्या. झिंग्यांची ॲलर्जी काहींना असते आणि ती साधी खाज नसते, श्वासावर येते. शिजवताना उडणाऱ्या वाफेनेही त्रास झालेले लोक आहेत.

उरत नाहीत. उरलेच तर डब्यात घालून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, आणि गरम न करता. पुन्हा गरम केले की पहिल्या दिवसाचं रबर हाती येतं. अर्थात आमच्याकडे झिंग्यांच्या डब्याला खालच्या फ्रिजमध्ये वरचा कप्पा मिळत नाही. सुटायला ठेवलेलं पाकीट तेवढं खालच्या कप्प्यात, दोन पिशव्यांत गुंडाळून, चालवून घेतलं जातं.

तवा घासत बसू नका. गूळ चिकटलेला असतो, खरवडलात तर बिडावरचं तेलाचं कातडं निघून जातं. तवा कोमट असतानाच गरम पाणी ओता आणि जेवून या. परत येईपर्यंत सगळं सुटलेलं असतं. फडक्याने पुसा, शेगडीवर दोन मिनिटं कोरडा करा, तेलाचं बोट फिरवा आणि टाकीखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. जिना उतरायची त्याला परवानगी नाही.